शीकाकाचा अर्धा तास

गल्लीतल्या पोरांनी आपलं नाव शीकाका ठेवलंय हे त्याला कळलं, तेव्हा त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘शी!’ त्यामुळे नाव पक्कंच झालं.

पोरांचं तरी काय चुकलं म्हणा. दुरुस्तीला आलेली कुठलीही वस्तू हातात घेतली की हा आधी शी म्हणणार, मग बाकीचं. रिमोट आला, शी. मिक्सर आला, शी. इस्त्री आली, शी. आणि त्याचं शी साधंसुधं नसायचं. नाकपुड्या फुगायच्या, वरचा ओठ उजव्या बाजूनं वर चढायचा, मान मागे जायची आणि मग दातांच्या फटीतून तो शब्द असा निघायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण रेडिओ नाही, मेलेली घूस घेऊन आलोय.

“हे काय आहे?” रिमोट दोन बोटांत शेपटी धरल्यासारखा धरून तो विचारायचा.

“रिमोट.”

“रिमोट दिसतोय मला. त्याच्यावर काय आहे?”

“कोण जाणे. जॅम असेल.”

“तीन आणि सहाच्या मध्ये जॅम. का हो, घरात पाव नव्हता?”

गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडेच यायचं. कारण माणूस तोंडाचा कडू असला तरी हाताचा पक्का होता. त्याच्या दुकानातून गेलेली वस्तू त्याच दुखण्यासाठी परत आली, असं अख्ख्या रस्त्यावर कुणाला आठवत नव्हतं.

दुकान म्हणजे एक खोलीच. मध्ये उभं राहून दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढी. टेबलाला लागून त्याचं पोट, पोटाला लागून टेबलाचा खण, त्यामुळे खण उघडायचा तर त्याला आधी श्वास आत घ्यावा लागे. घरात याला लहानपणापासून बारक्या म्हणत. दादा, ताई आणि हा, तीन भावंडांत सगळ्यात धाकटा म्हणून. पंचावन्न वर्षांचा, पाऊण दार अडवणारा बारक्या.

पण खरा तो होता नाकाचा. मीटर लावायच्या आधी हा वस्तू हुंगायचा. जळका ट्रान्सफॉर्मर वेगळा, जळकी वायर वेगळी, त्याच्या नाकाला फरक कळायचा. सगळ्यात जास्त शिसारी यायची ती गळक्या कपॅसिटरची. नखाएवढं डबडं असतं ते. म्हातारं झालं की त्याच्या बुडातून पाणी सुटतं, बोर्डावर पसरतं, तांबं खात जातं आणि तापलं की सडक्या मासळीसारखं घाण मारतं. शीकाका ते कापसानं पुसायचा आणि पुसता पुसता आधीच्या कारागिराचा उद्धार करायचा. “बघा, बघा. फ्यूज उडाला तर या महाभागानं तिथं चॉकलेटची चांदी गुंडाळलीय. चॉकलेट स्वतः खाल्लं असणार. शी! असल्या माणसाच्या हातचं पाणी पिऊ नये.”

दुकानाच्या वरच घर. त्याची बायको जिन्यातून चहा घेऊन यायची तेव्हा हे तिच्या कानावर पडायचं.

“यांना सगळ्या जगाची घाण दिसते,” ती गिऱ्हाइकाला सांगायची, “स्वतःची सोडून.”

ती त्याच्या मोज्यांबद्दल बोलत असायची. पण त्याचा हात एक क्षण थांबायचा. ते वाक्य त्याला मोज्यांबद्दलचं कधीच वाटत नव्हतं.

दुकानात दारासमोर एक बोर्ड होता. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात, छापल्यासारख्या अक्षरांत: ‘कोणतीही वस्तू अर्धा तास लोडवर चालवल्याशिवाय परत मिळणार नाही. घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावे.’

लोड म्हणजे मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक बल्ब. लाकडी फळीवर ठोकलेला, दोन वायरी काढलेला. अडॅप्टर असो की चार्जर, दुरुस्त झाला की शीकाका तो या बल्बला जोडायचा, मीटर लावायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचा. नुसता मीटर लावून मोजलं तर काय, सगळेच अडॅप्टर शहाण्यासारखे वागतात. ओझं घातलं आणि अंग तापलं की मग कळतं, कोण किती पाण्यात आहे. यावर गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची. रिक्षा बाहेर थांबलीय, गाडी चुकेल, पेशंट वाट बघतोय, काही सांगा. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एकोणतिसाव्या मिनिटाला वस्तू दिलीय असं कधी झालं नाही.

हा नियम कुठून आला, कुणाला ठाऊक नव्हतं. एकट्या त्याला ठाऊक होतं. आणि बोर्ड रंगवला होता त्याच्या ताईनं, तिला तर अजिबातच नव्हतं.

ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. तिच्या बोटांना डोळे आहेत म्हणायचे लोक. दहा बोटं चालत आणि ही खिडकीबाहेर बघत असे. तिनं पैसे साठवून एक घरगुती कम्प्युटर घेतला होता. तेव्हाचे कम्प्युटर म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड, मशीन त्याच्याच पोटात. पडदा वेगळा नाही, घरातल्या टीव्हीला जोडायचा. आणि वीज द्यायला एक वेगळा अडॅप्टर, वजनाला आणि आकाराला विटेसारखा. घरात त्याला वीटच म्हणत. मासिकात छापलेले प्रोग्रॅम ताई ओळीमागून ओळ टाइप करायची. सेव्ह करायला टेप लागायचा, तो तिच्याकडे नव्हता. कम्प्युटर बंद केला की सगळं गेलं, पुन्हा ओळ दहापासून सुरुवात.

एका रविवारी ती म्हणाली, “बारक्या, वीट गुणगुणतेय रे. बघ ना जरा.”

बारक्या तेव्हा एकवीस वर्षांचा. दुरुस्तीचा कोर्स नुकताच झालेला, नवा मीटर खिशात घेऊन फिरायचा. खाली दोस्त मोटारसायकलवर हॉर्न वाजवत होता. यानं विटेला मीटर लावला. पाच व्होल्ट. बरोबर पाचच हवे होते. पण विटेला नाक लावलं तेव्हा एक वास आला. गोडसर, तापलेल्या लाखेसारखा. आत कुणीतरी हळूहळू शिजतंय असा. त्याला आला तो वास. नीट आला. खाली हॉर्न पुन्हा वाजला.

“ठणठणीत आहे,” तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

परत आला तेव्हा ताई टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर आधी अक्षरांची रांगोळी विस्कटली होती म्हणे, मग सगळं काळं. वीट हात लावू देत नव्हती. आणि विटेवर होतं ताईनं विणलेलं लाल लोकरीचं कव्हर. धूळ बसू नये म्हणून घातलेलं.

त्यानं कव्हर बघितलं आणि जीभ पुढे धावली. “हे घातलं होतंस? वर लोकर? ताई, मग जळणार नाही तर काय होणार!”

ताईनं कव्हर हातात घेतलं.

एवढंच. एका वाक्याचं काम होतं. नंतर सांगता आलं असतं, पण त्या आठवड्यात नाही सांगितलं, मग त्या महिन्यात नाही, आणि मग घरात त्याचा जोकच झाला. ताईला इस्त्री देऊ नका, जळेल. ताई, टीव्हीपासून लांब बस. जळकी ताई. ती स्वतःही हसायची. आणि पुढे ऑफिसात कम्प्युटर आले, टायपिस्टांना शिकायला बोलावलं, तेव्हा साहेबाला तीच हसत हसत म्हणाली, “मला नको हो. माझ्या हातानं जळतात.” तिच्या मागून लागलेल्या मुली शिकल्या, वरच्या मजल्यावर गेल्या. ऑफिसातला सगळ्यात भरधाव हात आवक-जावक टेबलावर बसला. आलेल्या पत्रावर तारखेचा शिक्का, गेलेल्या पत्रावर तारखेचा शिक्का. सत्तावीस वर्षं.

हे शीकाकानं सगळं बघितलं. कव्हरमुळेही थोडी तापली असेलच वीट, असं स्वतःला सांगत बघितलं.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाली आणि एका सकाळी ती मोठी पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली.

“माळा साफ करतेय,” ती म्हणाली. “हा सापडला.”

पिशवीत कीबोर्ड होता, पिवळा पडलेला, जुन्या दातांसारखा. वीट होती. आणि वर एक मासिक, त्यात बसच्या तिकिटाची खूण.

“शी,” शीकाका म्हणाला. पण या वेळी मान मागे गेली नाही.

“माझं घर घाणेरडं आहे म्हणतोस?”

“घराला नाही गं. हे भंगार कशाला आणलंस? टाकून द्यायचंस.”

“टाकीन. एकदा चालू करून दे, मग टाकीन.” तिनं मासिक उघडलं. “हा प्रोग्रॅम बघ. कुठलीही तारीख घाला, वार सांगतो. एकशे नव्वद ओळी आहेत. दहादहाच्या टप्प्यानं नंबर आहेत. मी चौदाशे तीसपर्यंत आले होते आणि मग...” तिनं हातानं फुस्स केलं. “तेवढा पुरा करायचाय. तू टाइप कर, मी वाचून दाखवते. मी काही हात लावणार नाही, घाबरू नकोस.”

मी काही हात लावणार नाही. साठ वर्षांची बाई, भावाच्या दुकानात, स्वतःच्या वस्तूला हात लावणार नाही असं कबूल करत होती. शीकाकाच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

“ठेवून जा. परवा ये.”

“मला कुठं ऑफिस आहे आता? बसते.” तिनं गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं.

त्यानं स्क्रू काढले, कीबोर्डचं पोट उघडलं. मग मात्र शी म्हणायला कारण होतं. आत धुळीचा जाड थर, लोकरीच्या घोंगडीसारखा. त्यात झुरळांच्या तंगड्या, झुरळांची अंडी, एक अख्खं झुरळ उलटं, पाय पोटाशी घेऊन, झोपल्यासारखं. कडेच्या दोन कपॅसिटरांनी बूड सोडलं होतं आणि हिरवट ओल बोर्डावर पसरली होती. वास दुकानभर झाला.

“ई!” ताईनं पदर नाकाला लावला. “मासळी कसली मेलीय?”

“कपॅसिटर आहे. तू घरात मासळीबाजार पाळला होतास.”

“तू रोज हे हुंगतोस?”

“रोज.”

“आणि वर जेवतोस?”

तो हसला. हसता हसता त्यानं वीट उचलली आणि पायाशी असलेल्या भंगाराच्या बादलीत टाकली. अगदी सहज. “ही गेलेली आहे. मी नवा अडॅप्टर बनवतो, पत्र्याच्या डब्यात, फ्यूजबिज घालून. आत काळं रेझिन ओतून बंद केलंय त्यांनी, उघडतसुद्धा नाही मेली.”

बस. मिटलं होतं. नवा अडॅप्टर लागला असता, मशीन चाललं असतं, वीट भंगारवाल्यानं नेली असती आणि तिच्याबरोबर तो रविवारही.

ताई वाकली. बादलीतून वीट काढली, पदरानं पुसली आणि टेबलावर ठेवली.

“गेलेली आहे हे कुणी सांगितलं?”

“अगं, चौतीस वर्षं झाली.”

“मोजलीस का?”

“ताई...”

“तुझ्या बोर्डावर काय लिहिलंय? अर्धा तास लोडवर. मीच लिहिलंय ते. माझ्या विटेला काय वेगळा कायदा?” आणि मग जरा खालच्या आवाजात, “मला बघायचंय रे. नुसती मेलीय की माझ्या कव्हरानं जाळलीय, एवढंच. आज तर कव्हर नाही.”

हे ऐकलं आणि शीकाकाला कळलं, की ही प्रोग्रॅमसाठी आलेलीच नाही. किंवा आलीय, पण तेवढ्यासाठीच नाही. आणि तिला जे बघायचंय ते त्या बल्बवर दिसणार आहे.

त्यानं विटेच्या वायरी बल्बला जोडल्या. मीटर लावला. त्याच्याच नियमात तो अडकला होता. बटण दाबलं. बल्ब पेटला, मंद, नारिंगी, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. वीट गुणगुणायला लागली.

ताईनं पर्समधून डायरी काढली, रेघ मारून दोन रकाने केले. “किती?”

“पाच पॉइंट शून्य चार.”

अकरा दहा, पाच पॉइंट शून्य चार. तिनं लिहिलं. ही सवय जाणार नव्हती. तिच्या घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा भरल्याची तारीख असायची.

“चांगली आहे की,” ती म्हणाली. “पाचच आहेत.”

“गार आहे अजून.”

हे बोलून गेला आणि त्यानं ओठ मिटले.

बायको चहा घेऊन खाली आली. “अगं बाई, ताई! विजेच्या एवढ्या जवळ? जरा सरकून बसा हं, आमचं दुकान एकच आहे.” आणि ती स्वतःच्या जोकवर खळखळून हसली. ताईही सवयीनं हसली आणि खरंच स्टूल वीतभर मागे घेतलं. शीकाकानं कप हातात घेतला तो तसाच खाली ठेवला. चहाला त्या मासळीचा वास मारत होता. बायको वर गेली.

अकरा वीस, पाच पॉइंट शून्य सहा.

अकरा अठ्ठावीस, पाच पॉइंट तीन.

“वाढतंय,” ताई म्हणाली. “वाढायला हवं का?”

“नको. व्होल्ट धरून ठेवणारा आतला रेग्युलेटर तापला की हात सोडतो. मेमरीच्या आयसींना पाच लागतात, साडेपाचपर्यंत सोसतात त्या. पुढे गेलं की भाजून निघतात.”

अकरा तेहतीसला पाच पॉइंट नऊ. आता मीटरची गरज नव्हती. बल्ब नारिंगीचा पिवळा झाला होता आणि डोळ्यांसमोर उजळत चालला होता. आणि वास आला. गोडसर, लाखेचा. चौतीस वर्षांत त्यात काही फरक पडला नव्हता. जगातल्या सगळ्या वासांत त्याला हाच एक सहन व्हायचा नाही आणि दुकानात कुणाला तो कळायचा नाही.

ताईनं मान वर केली.

“हा वास,” ती म्हणाली. “त्या दिवशी आला होता. मला वाटलं, माझी लोकर जळतेय.”

त्यानं मीटर उगाच सरळ केला.

“लोकर नाहीये आज.”

“नाहीये.”

अकरा अडतीस, सहा पॉइंट आठ. तिनं तेही लिहिलं आणि त्यानं बटण बंद केलं. बल्ब विझला. विटेचं गुणगुणणं थांबलं. ताईनं डायरी मिटली नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. बोर्डाकडे. निळ्या अक्षरांखाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या आकड्यांत, तिनंच घातलेली तारीख होती. दुसऱ्या कुणी कधी ती बघितलीसुद्धा नसेल.

“जून,” ती म्हणाली. “माझा कम्प्युटर गेला मार्चमध्ये. दुकान तू काढलंस जूनमध्ये. पहिल्याच दिवशी मला रंग आणून दिलास आणि हे लिही म्हणालास. मी विचारलं होतं, अर्धाच तास का? तू म्हणालास, असंच.” तिनं त्याच्याकडे बघितलं. “माझी वीट तू लोडवर मोजली होतीस?”

“नाही.”

“किती वेळ?”

“दोन मिनिटं. गार असताना.”

“आणि वास?”

“आला होता.”

“मग?”

“खाली हॉर्न वाजत होता.”

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी खडखडत नेली. शीकाकाला वाटलं ती रडेल, आणि ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“शी,” ताई म्हणाली.

ओठ वर चढला नाही, नाक फुगलं नाही. नुसता शब्द निघाला, जिन्यात अंधारात पाय कशात तरी पडला की निघतो तसा. तिनं डायरी पर्समध्ये घातली, मासिक काखेत मारलं. “मशीन करून ठेव. परवा येते.”

ते दोन दिवस शीकाकानं दुसरं काम घेतलं नाही. दाढीच्या ब्रशनं एकेक तंगडी काढली. बोर्ड धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. गळके कपॅसिटर उपटले, खाल्लेल्या तांब्यावर बारीक वायर टाकली. मेमरीच्या आठ आयसी मेल्याच होत्या. जुन्या बोर्डांच्या खोक्यातून तशाच आठ शोधल्या, एकेक पाय सरळ करून बसवल्या. नवा अडॅप्टर पत्र्याच्या डब्यात केला. काम करताना एकदाही त्याच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. निघत होता तो आतल्या आत, आणि दर वेळी आधीच्या कारागिराला लागत होता. चॉकलेटची चांदी गुंडाळणारा तरी बरा. तो निदान हॉर्न ऐकून पळाला नव्हता. निदान त्यानं ज्याचं मशीन त्याच्यावरच ढकललं नव्हतं. साबणानं चार-चार वेळा धुतले तरी हाताचा वास जाईना. बायको म्हणाली, “काही येत नाहीये वास, उगाच काय!” त्यानं तिला सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

तिसऱ्या दिवशी ताई दहाच्या ठोक्याला आली. ऑफिस उघडलं की आवक-जावक टेबलावर बसायची तशी.

“नवा अडॅप्टर तयार आहे,” तो म्हणाला.

“लोडवर लाव.”

“मी काल दोनदा...”

“लाव.”

अर्धा तास दोघं बसली. बल्ब नारिंगीच राहिला. तिनं दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला आणि प्रत्येक वेळी तो पाच पॉइंट शून्य एकच होता. सातवा आकडा लिहून झाल्यावर त्यानं वायर कीबोर्डाला लावायला हात पुढे केला.

“हात काढ,” ताई म्हणाली.

वायर तिनं घेतली. खाचेत बसवताना ती एकदा हुकली. तेवढ्यात बायको कप घेऊन जिन्यातून उतरत होती. तिनं बघितलं आणि वरूनच ओरडली, “अहो, ताईंना कशाला हात लावू देताय, पुन्हा जळे...”

“ताईनं जाळला नव्हता,” शीकाका म्हणाला.

बायको पायरीवर थांबली.

“मी जाळला होता. वीट खराब होती, मला वास आला होता, मी न बघता गेलो. आणि आल्यावर हिच्या कव्हराचं नाव घेतलं.” त्याचा आवाज त्याला स्वतःला चिकट वाटला, कुणाच्या तरी रिमोटसारखा. “सगळं मी.”

बायकोनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. मोज्यांबद्दल ती काही बोलली नाही. चहा तिनं ताईसमोर ठेवला. दुसरा कप तिच्या हातातच होता. तो तसाच घेऊन ती वर गेली.

“हिला झालं,” ताई वायर बसवत म्हणाली. “दादाला सांगायचंस. त्याच्या दोन्ही सुनांना सांगायचंस. सगळे एकत्र जेवायला बसतो ना, कुणीतरी जळकी ताई म्हणतं ना, तेव्हा सांगायचंस. फोनवर नाही.”

“सांगतो.”

“साहेब वारला. नाहीतर त्यालाही सांगायला पाठवलं असतं तुला.”

तिनं बटण दाबलं. त्यानं जोडून ठेवलेल्या जुन्या टीव्हीचा पडदा आधी करडा झाला, मग निळा, आणि डाव्या कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका उघडमीट करायला लागला. तिनं मासिक त्याच्या मांडीवर टाकलं.

“वाच.”

“मी? तू म्हणालीस मी टाइप करायचं.”

“वाच म्हटलं ना.”

त्यानं चष्मा लावला आणि वाचायला लागला. ओळ दहा. ओळ वीस. ताईची बोटं कळांवर पडत होती आणि ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. सुरुवातीला अडखळली, मग कळांचा आवाज एका लयीत आला, आणि त्याचं वाचणं मागे पडायला लागलं. कळा चिकट होत्या अजून, कितीही धुतल्या तरी. ती एकदाही शी म्हणाली नाही. बाहेर एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं आणि दारात उभं राहिलं. शीकाकानं त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं.

चौदाशे तीसला ती थांबली.

“इथपर्यंत आले होते,” ती म्हणाली.

शीकाकाला वाटलं आता काहीतरी बोलावं. “ताई, मी तेव्हाच...”

“मी तुला माफबिफ करायला बसलेले नाही. अजून ठरवलं नाही मी. पुढची वाच.”

त्यानं पुढची ओळ वाचली. पटकन, उरकल्यासारखी. ताईची बोटं शेवटी येऊन हवेत थांबली.

“मधला स्वल्पविराम खाल्लास.”

त्यानं डोळे बारीक करून बघितलं. होता स्वल्पविराम.

“सावकाश वाच,” ती म्हणाली. “खाली कुणी हॉर्न वाजवत नाहीये.”

मिक्सरवाला दारातून म्हणाला, “काका, किती वेळ लागेल हो?”

शीकाकानं मान वर न करता बोर्डाकडे बोट केलं आणि ओळ पहिल्यापासून वाचायला घेतली.